पंधरा दिवस कोणी मेलं नाही

उमेदवार क्रमांक एकोणीस. नाव: कु. तेजश्री ढुंढिराज आराध्ये. जन्मदिनांक: १९ ऑगस्ट १९९७. सबब १ ऑगस्ट २०२५ या निर्णायक दिनांकास वय सत्तावीस वर्षे, अकरा महिने, तेरा दिवस, कमाल मर्यादा अठ्ठावीस वर्षे, पात्र. निवास: इंदिरानगर, नाशिक, तिसरा मजला, लिफ्ट आहे, चालत नाही. शिक्षण: एम.एस्सी. (गणित), प्रथम श्रेणी. अनुभव: खासगी क्लासमध्ये सहा वर्षे, पुरावा नाही, कारण पगार हातात. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. मोडी लिपी वाचता येते; मोडीसाठी अर्जात रकाना नसल्याने उमेदवाराने ही माहिती ‘छंद’ या रकान्यात भरली आहे. आई: मयत. वडिलांचा व्यवसाय: तीर्थोपाध्याय. पडताळणी करणाऱ्या कारकुनाने या शेवटच्या शब्दापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

त्या कारकुनासाठी सांगायचं तर, गोदावरीवर अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला येणाऱ्या माणसाला त्याचं गाव आणि आडनाव विचारतात. त्या गावच्या वह्या ज्या घरात असतील, ते घर त्याचं उपाध्यायपण करतं. वहीत त्या कुळातले आधी कोण कोण येऊन गेले ते असतं, आणि आज कोण कशासाठी आला ते त्याखाली लिहायचं असतं. आराध्यांकडे बागलाणातली नऊ गावं आहेत आणि मध्य प्रदेशातल्या निमाडातली सात. त्यांच्या घरात आणखी एक पद्धत होती: मेलेल्याची तिथीही लिहून ठेवायची. कारण घरोघर लोक तिथ्या विसरतात, आणि मग पोस्टकार्ड येतं, की आमचे वडील कधी गेले ते कळवा.

या वह्या पूर्वी पंचवटीत होत्या. घर विकल्यावर त्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आल्या आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटात बसल्या. तेजश्रीचे कपडे तेव्हापासून सुटकेसमध्ये असतात.

२०२० मध्ये घाट बंद पडला. ढुंढिराज रोज सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून तयार व्हायचे आणि गॅलरीत बसायचे. क्लासही बंद होता. वाळवी लागली का बघायला म्हणून तेजश्रीने वह्या खाली काढल्या त्या पुन्हा वर गेल्याच नाहीत. पणजोबांचं अक्षर चांगलं होतं. शके १८४० ची, म्हणजे १९१८ सालची वही इतर वर्षांच्या तिप्पट जाड होती. त्या वर्षी तापाची साथ आली होती. तेजश्री एकेक नाव कॉम्प्युटरवर चढवू लागली: गाव, नाव, नातं, तिथी.

“रोज काय मेलेल्यांची हजेरी घेत बसतेस?” आई म्हणायची. आईचं नाव श्यामला. “एखादा हजर निघाला तर मला हाक मार.”

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, चैत्र वद्य नवमीला सकाळी श्यामलाबाई गेल्या. ढुंढिराज हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभे होते. आत सोडत नव्हते. त्यांना फोनवर कळलं. अर्ध्या तासाने त्यांचा फोन पुन्हा वाजला. निमाडातले यजमान पाटीदार रडत होते. त्यांचे वडील तिकडच्या हॉस्पिटलात तासाभरापूर्वी गेले होते. ढुंढिराजांनी त्यांना दहाव्याचं काय करायचं, कोणाला बसवायचं, ते सगळं नीट सांगितलं. आपल्या घरचं सांगितलं नाही. यजमानाला आपलं सांगायचं नसतं.

चार-सहा महिन्यांनी तेजश्रीने पुन्हा नावं चढवायला घेतली. घरात याला ‘अभ्यास’ म्हणत, कारण दुसरा शब्द सापडत नव्हता.

जुन्या पंचांगांवरून तिने प्रत्येक तिथीची इंग्रजी तारीख काढली आणि कुठल्या दिवशी किती माणसं गेली याचा आलेख काढला. बागलाणचा आलेख साथीचा असतो तसाच निघाला: ऑक्टोबरात चढला, महिन्याच्या शेवटी टोकाला गेला, दिवाळीनंतर उतरला. निमाडचा वेगळा निघाला. तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात चढला आणि मग वीस ऑक्टोबरला एकदम शून्यावर आला. तीन नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येपर्यंत, सात गावांत कोणी मेलं नाही. त्यानंतर साथ पुन्हा उठली आणि डिसेंबरच्या तोंडापर्यंत पहिल्यापेक्षा जोरात चालली.

साथ पंधरा दिवस थांबली होती. कशाने थांबली, हा प्रश्न तेजश्रीने चार वर्षं जवळ बाळगला. तिने समीकरणं मांडली: माणसं इतकी, त्यातली आजारी इतकी, एकमेकांना भेटतात इतक्या वेळा. भेटीगाठी दिवाळीआधी पंधरा दिवस बंद ठेवल्या की आलेख हुबेहूब जुळायचा. बाजार भरले नसतील, लोक घाबरून घरात बसले असतील. कुठल्याही सरकारी हुकमावाचून सात गावं आपण होऊन दारं लावून बसली, आणि वाचली; निदान पंधरा दिवस वाचली. २०२१ नंतर हे वाचायला बरं वाटत होतं.

आणि मग ती जाहिरात आली. गणितीय जीवशास्त्रात पीएच.डी. साठी एक जागा, पाच वर्षं, दरमहा विद्यावेतन, वसतिगृहात स्वतंत्र खोली, वर्षातून एका परिषदेचा प्रवासखर्च. विषय: साथींमधले विरामकाळ. मार्गदर्शक बाईंचं नाव मोहिनी; आडनाव आणि संस्था इथे सांगत नाही. तेजश्रीने अर्जाबरोबर निमाडचा आलेख जोडला.

मुलाखत व्हिडिओवर झाली. पाठीमागे कपाट दिसू नये म्हणून तिने त्यावर चादर टाकली होती. पाच जण होते. एक वयस्कर प्राध्यापक त्या सपाट रेषेकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सुंदर.” गणितात असे लोक असतात.

“हा डेटा दुसऱ्या कोणाकडे आहे?” मोहिनी मॅडमनी विचारलं.

“नाही. आमच्या घरातच आहे.”

“आणि तो बरोबर आहे, याची खात्री?”

तेजश्रीने हा प्रश्न पूर्वीच वडिलांना विचारून ठेवला होता. वहीतल्या तिथ्या चुकतात का हो बाबा? ढुंढिराज दुखावले होते. एकही चुकीची सापडली तर मी जानवं काढून ठेवीन, म्हणाले होते. तिने मॅडमना जानव्याचा भाग वगळून हे सांगितलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निवड झाल्याचं पत्र आलं. एकोणतीस उमेदवारांतून एक. रुजू होण्याचा दिनांक एक ऑगस्ट. ढुंढिराजांनी पेढे आणले आणि विचारलं, “खोलीला खिडकी आहे ना?” तेजश्रीने क्लासचा राजीनामा दिला. क्लासचे मालक म्हणाले, “मॅडम, बारावीचं वर्ष आहे, असं मध्येच कोणी जातं का?” गेली सहा वर्षं कुठलं तरी बारावीचं वर्ष होतंच.

त्याच महिन्यात आईचं श्राद्ध आलं. चैत्र वद्य नवमी. भाऊ विश्वेश अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे; त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तो सोवळं नेसून पाटावर बसला होता, मोबाईल मांडीखाली. तेजश्री स्वयंपाकघरात वडे तळत होती. खीर झाली होती, आमसुलाची चटणी वाटून झाली होती. ढुंढिराज दर्भ मोजत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निमाडातले पाटीदार.

“हां पाटीदारजी, बोलिए. याद है, याद कैसे नहीं रहेगी. आज ही है. वैशाख वदी नवमी. हां, संकल्प मैं कर दूंगा, आप घर पे तर्पण कर लीजिए.”

त्यांनी फोन ठेवला आणि दर्भ पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

“बाबा,” तेजश्री झारा हातात घेऊन दारात आली, “आज चैत्र वद्य ना?”

“मग आणि काय? चैत्र वद्य नवमी. तुझ्या आईची तिथी मी विसरेन का?”

“तुम्ही त्यांना वैशाख म्हणालात.”

“त्यांचा वैशाख. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच. वद्य पक्ष आला की ते एक महिना पुढे. एवढं तर तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे.”

होतं. त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, हे तिला चौथीत असल्यापासून माहीत होतं, कारण तेव्हा घाटावर गर्दी व्हायची आणि बाबा जेवायला उशिरा यायचे.

“वहीत काय लिहिता?” तिने विचारलं.

“कशात?”

“वहीत. पाटीदारांच्या वडिलांची तिथी वहीत काय लिहिली तुम्ही?”

“वैशाख वद्य नवमी. यजमान सांगेल तेच लिहायचं. उद्या त्याचा नातू पत्र पाठवून विचारेल, तेव्हा त्याला त्याच्या घरची तिथी द्यायची की आपल्या?”

“पण साल तर आपलं असतं. शके.”

“साल आपलं घालतो आपण. त्यांचा संवत कोण आठवणीत ठेवणार? ही पद्धत माझ्या आज्यापासून आहे.” आणि मग, “वडे जळतायत.”

वडे जळले होते. विश्वेश म्हणाला, “आई असती तर तुला तेच वाढले असते.”

पणजोबांनी शके १८४० लिहिलं होतं, आपल्या हाताने, आपल्या मोडीत, आणि त्यापुढे यजमानाच्या तोंडची तिथी. बाहेरचा कोणी असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की हा महिना कोणता धरायचा, तुमचा की त्यांचा? तेजश्रीने विचारलं नाही, कारण अक्षर घरचं होतं. घरच्या अक्षरातला कार्तिक घरचाच असणार.

ब्राह्मण जेवून, विडा घेऊन गेल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. निमाडच्या वद्य पक्षातल्या सगळ्या तिथ्या एक महिना मागे घेतल्या. याला एक ओळ बदलावी लागते. नोव्हेंबरच्या शेवटचा तो मोठा उंचवटा उठून जाऊन ऑक्टोबरच्या रिकाम्या पंधरवड्यात बसला, आणि तो भरल्यावर निमाडचा आलेख बागलाणच्या आलेखावर असा बसला की रंग वेगळे दिले नसते तर दोन आहेत हे कळलं नसतं. विराम कुठेच नव्हता. कुठल्या गावाने दारं लावली नव्हती. साथ आली, सगळ्यांना एकाच वेळी गाठलं आणि गेली.

विश्वेशने आलेख बघितला. त्याला यातलं कळत नाही, पण बहिणीचा चेहरा कळतो.

“कोणाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग सांगू नकोस. आधी जॉईन हो. सहा महिन्यांनी तूच शोधून काढ, की अरेच्चा, इथे चूक आहे. कौतुक करतील. आमच्याकडे सगळे असंच करतात. आपला माल आपणच रिजेक्ट करायचा, पण पगार सुरू झाल्यावर.”

“दादा, जागाच त्या विरामावर आहे. मला घेतलंय ते त्या शून्यासाठी.”

“अगं शहाणे, मोडी वाचणारं कोण आहे तिथे? तू. वह्या कोणाकडे? बाबांकडे. तुला पकडणार कोण, पणजोबा?”

ढुंढिराज इतका वेळ खिडकीपाशी होते. ते म्हणाले, “मी लिहून देतो, की वह्या बाहेर दाखवायची आमच्यात रीत नाही. म्हणजे तपासायला कोणी यायचं नाही.” त्यांच्या तीन पिढ्यांत वहीबद्दल कोणी खोटं बोललं नव्हतं. हे खोटंही नव्हतं. रीत खरंच तशी होती. ते पुढे म्हणाले, “तू जा तेजू. इथे राहून काय करणार आहेस? मी तर आता तिथीपुरता.”

तेजश्री यादी खाली-वर करत होती. निमाडच्या नावांपुढे तिने चार वर्षांपूर्वी स्वतः घातलेल्या तारखा होत्या: चोवीस नोव्हेंबर, पंचवीस नोव्हेंबर, पुन्हा पंचवीस. एका घरातली पाच.

“यांना मी दिवाळी घातली,” ती म्हणाली. “यांची दिवाळी झालीच नव्हती.”

“त्यांना आता काय फरक पडतो?” विश्वेश म्हणाला.

“त्यांना नाही पडत.”

पाचव्या दिवशी तिने मेल लिहिला. दोन आलेख जोडले, जुना आणि नवा, आणि महिन्यांचा हिशेब सहा ओळींत समजावला. मेल मोहिनी मॅडमना पाठवला आणि त्याची प्रत प्रवेश विभागाला. निवडपत्राच्या मागच्या बाजूला, अट क्रमांक अकरा: ‘अर्जातील माहितीत बदल झाल्यास उमेदवाराने तो तात्काळ कळवावा.’ अट क्रमांक अकरा आजवर कोणी पाळलेली नसावी, कारण प्रवेश विभागातून तिला आधी फोन आला तो पत्ता बदलला आहे का हे विचारायला.

मॅडमचा फोन संध्याकाळी आला.

“तेजश्री, तुझं बरोबर आहे. मी तपासलं. फार चांगली चूक सापडली तुला.”

“हो मॅडम.”

“मला एकटीलाच लिहायचं होतंस. आपण बघितलं असतं. विषय थोडा फिरवला असता.” आणि मग, “ऑफिसला प्रत कशाला पाठवलीस?”

“अट होती.”

“अट होती,” मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी दोन बैठकांत तिची बाजू मांडली, असं नंतर कळलं. पण निधी विरामकाळांसाठी आला होता. विरामकाळाचा पुरावाच नसलेल्या उमेदवाराला तो कसा द्यायचा, असा मुद्दा तिसऱ्या बैठकीत निघाला. तो काढणारे ते ‘सुंदर’ म्हणणारे प्राध्यापक होते. जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला मिळाली. तो कॉम्प्युटरवर बनवलेल्या, कधीही न आलेल्या साथींवर काम करतो. त्यात तिथ्यांचा घोळ होत नाही.

क्लासच्या मालकांनी तिला परत घेतलं, जुन्याच पगारावर, आणि बारावीच्या पोरांसमोर म्हणाले, “बघा, मॅडमना तुमच्याशिवाय करमलं नाही.” ती त्यांना संभाव्यता शिकवते. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला तिला अठ्ठावीस पूर्ण झाली. विश्वेशने केक आणला. त्यावर वय घालू नका असं त्याने बेकरीत सांगितलं होतं, आणि बेकरीवाल्याने घातलं होतं. ढुंढिराज रोज सकाळी रामकुंडावर जातात. आता सिंहस्थाची कामं सुरू आहेत, घाट खणलेला आहे, यजमानांना कुठे बसवायचं हा प्रश्न असतो. घरी आल्यावर ते दिवसभरातली नावं तेजश्रीला सांगतात आणि ती लिहिते. त्यांना आता बारीक दिसत नाही. ‘यजमान सांगेल तीच तिथी’ ही पद्धत तिने बदललेली नाही. फक्त निमाडच्या तिथ्यांपुढे ती कंसात इंग्रजी तारीख घालते. ढुंढिराजांना ते आवडत नाही. वही घाण दिसते, म्हणतात.

संस्थेचं अखेरचं पत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं होतं. ते असं:

‘उमेदवार क्र. १९ यांनी सादर केलेली माहिती सदोष असल्याचे त्यांनी स्वतःच कळविल्याने त्यांची निवड रद्द करण्यात येत आहे. विहित वयोमर्यादेच्या अधीन राहून त्या पुढील वर्षी अर्ज करू शकतील. वीस ऑक्टोबर ते तीन नोव्हेंबर १९१८ या कालावधीबाबतचा त्यांचा निष्कर्ष संस्थेच्या अभिलेखातून वगळण्यात आला आहे. विद्यावेतन अदा होण्यापूर्वीच बाब निदर्शनास आल्याने सदर कालावधीच्या संदर्भात कोणतीही हानी झालेली नाही, याची नोंद घेण्यात यावी.’

सदर कालावधीत निमाडातल्या त्या सात गावांत, एकट्या आराध्यांच्या वहीप्रमाणे, एकशे सव्वीस माणसं मेली.